गुन्ह्याला पण एक्सपायरी डेट असते

परवा बार रूममध्ये एका ज्युनिअरने विचारलं, सर आपल्याकडे हेट स्पीचवर कायदाच नाहीये ना, म्हणूनच सगळे मोकळे सुटतात ना? मी तोंडातला चहा कसाबसा गिळला. म्हटलं अरे कायदे पोत्याने आहेत, तू बस इथे. आणि मग मी जो सुरू झालो तो माझ्या मॅटरचा पुकारा होऊन गेला तरी थांबलो नाही, शेवटी पट्टेवाला शोधत आला. त्या पोराला जे सांगायचं अर्धं राहिलं ते इथे लिहून काढतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

"हेट स्पीच" हा शब्द आपल्या फौजदारी कायद्यात नाही हे खरंय. विधी आयोगाने २०१७ ला २६७ वा अहवाल दिला, त्यात यासाठी वेगळी कलमं घाला म्हणून सुचवलं होतं, पण १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता लागू झाली तरी ती काही त्यात आली नाहीत. पण म्हणून कायदा नाही असं थोडंच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम १५३ अ इंग्रजांनी १८९८ ला घातलंय. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यावरून दोन गटांत वैर पेरलं तर तीन वर्षांपर्यंत, आणि देवळात नाहीतर मशिदीत उभं राहून पेरलं तर पाच वर्षांपर्यंत. २९५ अ, म्हणजे मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, आलं १९२७ ला, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून. तिचा प्रकाशक हायकोर्टातून सुटला कारण १५३ अ त्या लिखाणाला लागू होत नाही असं कोर्ट म्हणालं, मग सरकारने घाईघाईने नवीन कलम आणलं (आणि त्या प्रकाशकाला १९२९ ला एका माणसाने भोसकून मारलं, म्हणजे ह्या सगळ्याची मुळं किती जुनी आहेत बघा). शिवाय ५०५ आहे, अफवा पसरवण्याचं. आता नंबर बदललेत, १५३ अ चं झालं १९६, २९५ अ चं २९९, ५०५ चं ३५३. आमच्यासारख्या जुन्या लोकांची जीभ अजून १५३ अ वरच वळते.

आता खरी मेख. गुन्हा नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही, फोन जप्त करायला लागत नाही, पोराला उचलून लॉकअपात टाकायला तर बिलकुल लागत नाही. पण कोर्टाने त्या गुन्ह्याची दखल घ्यायची म्हटली, म्हणजे केस खऱ्या अर्थाने सुरू व्हायची म्हटली, की सरकारची मंजुरी पाहिजे. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, हे कलम १९६ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये २१७ आहे. (गंमत बघा, पूर्वी १९६ म्हणजे कुलूप होतं, आता १९६ म्हणजे गुन्हा झालाय, ज्युनिअर लोक हमखास घोळ घालतात.) आणि बहुतेक वेळा सरकार म्हणजे राज्याचा गृह विभाग, आणि गृह विभाग म्हणजे गृहमंत्री, आणि गृहमंत्री म्हणजे... पुढचं तुम्हीच भरा.

आणि दुसरी मेख मुदतीची. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा खटला तीन वर्षांच्या आत कोर्टात दाखल झाला पाहिजे. नाही झाला तर मुदतबाह्य. म्हणजे किल्ली एकाच्या खिशात आणि भिंतीवर घड्याळ चालू. त्या ज्युनिअरला म्हटलं, भडकाऊ भाषणाच्या केसेस कलमाअभावी मरत नाहीत रे, त्या किल्ली आणि घड्याळाच्या मध्ये सापडून मरतात.

आता माझ्या एका पक्षकाराचं सांगतो. मुलगा तेव्हा एकोणीसचा, गॅरेजवर कामाला. कुठल्या धर्माचा ते लिहीत नाही, तुम्ही मनात ठरवलंच असेल तर ठरवा. स्टेटसला काय टाकलं होतं तेही लिहीत नाही, लिहिलं तर ते मीच परत पसरवल्यासारखं होईल. घाण होतं, मूर्खपणाचं होतं, एवढं बास. रात्री अकराला टाकलं, सकाळी सातला कुणीतरी दम दिल्यावर काढलं. तोपर्यंत एकाने स्क्रीनशॉट मारून तीन ग्रुपवर टाकला होता. म्हणजे पसरवलं कोणी हा खरंतर वेगळाच प्रश्न आहे, पण तो स्क्रीनशॉटवाला फिर्यादीच्या बाजूने साक्षीदार आहे.

दिवस वाईट होते. २०२३ चा जून. त्याच महिन्यात कोल्हापुरात स्टेटसवरूनच बंद, दगडफेक, लाठीमार सगळं झालेलं आणि आमच्या भागातही लोक फोन उघडायला घाबरत होते. नऊ वाजेपर्यंत पोलीस ठाण्यासमोर तीनशे माणसं. मी पोचलो तेव्हा साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, वकीलसाहेब, अर्नेशकुमारचा निकाल मला पण माहितीये, सात वर्षांच्या आतली शिक्षा, नोटीस देऊन सोडता येतो, पण मी याला आत घेतला नाही तर हे बाहेर मारतील. खोटं बोलत नव्हते ते. अटक कायद्यासाठी नव्हती, गर्दीसाठी होती. गर्दीला काहीतरी दिल्याशिवाय गर्दी घरी जात नाही.

रिमांडच्या कागदांत त्या स्टेटसची प्रिंट होती, ठाण्यातल्या प्रिंटरवर काढलेली, टोनर संपत आलेला, त्यामुळे चित्र म्हणजे नुसता काळा डाग. खाली मात्र तो डोळ्याचा आयकॉन आणि त्यापुढे ४३ हा आकडा एकदम स्वच्छ आलेला. त्रेचाळीस लोकांनी बघितलं. त्यातली एक त्याची आत्या. मॅजिस्ट्रेटनी कागद खिडकीकडे तिरका धरून बघितला, उलटा करून बघितला, आणि एपीपींना, म्हणजे सरकारी वकिलांना, विचारलं, यात नक्की काय दिसतंय? एपीपी म्हणाले, साहेब, मूळ मोबाईल जप्त आहे. मुलगा मागे उभा, पायात एकच चप्पल, दुसरी धावपळीत कुठेतरी गेलेली. आई दाराशी डबा घेऊन.

जामीन झाला आठ दिवसांनी. गॅरेजवाल्याने परत कामावर घेतलं नाही.

आणि त्याच महिन्यात, त्याच गावात, मैदानावर सभा झाली. पाच-सहा हजार तरी माणूस असेल. बाहेरून आलेला वक्ता. कुणाच्या दुकानातून काय घेऊ नका, कुणाला भाड्याने खोली देऊ नका, आणि कुणाचे हात कुठून तोडायचे याचं रीतसर मार्गदर्शन. पोलिसांचे दोन कॅमेरे लावलेले, मी स्वतः बघितले, स्टँडवर लाल दिवा चालू. सुप्रीम कोर्टाचा आदेशच होता ना. २१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्ली, यूपी, उत्तराखंडला सांगितलं की तक्रारीची वाट बघू नका, स्वतःहून गुन्हे नोंदवा, धर्म बघू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या एका मोर्चाचं शूटिंग करायला सांगितलं, ते आपल्याच राज्यातल्या मोर्चांवरून. आणि २८ एप्रिल २०२३ ला तोच आदेश सगळ्या राज्यांना लागू केला, हयगय केली तर कोर्टाचा अवमान समजू म्हणून. त्याला दोन महिने पण झाले नव्हते. दोन महिन्यांनी मी ठाण्यात सहज विचारलं, त्या भाषणाचं काय झालं, तर म्हणाले फुटेजचा अभ्यास चालू आहे. अभ्यास! त्रेचाळीस व्ह्यूजच्या काळ्या डागाचा अभ्यास नऊ तासांत झाला होता.

हे नवीन नाही. मला तर हे घरातूनच माहितीये.

मी लालबागचा. १९९३ च्या जानेवारीत मी अकरा वर्षांचा होतो. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या मजल्यावर "सामना" यायचा आणि बाबा तो संध्याकाळी गॅलरीत मोठ्याने वाचायचे, आवाज चांगला होता त्यांचा, गणपतीत आरतीला पुढे असायचे. मला अग्रलेखातलं निम्मं कळायचं नाही, पण ऐकता ऐकता कठड्याला टेकलेली माणसं सरळ होऊन उभी राहायची ते चांगलं आठवतंय. रात्री चाळीच्या गेटवर पहारा. बोटीतून हत्यारं येणार आहेत, ट्रक भरून माणसं येणार आहेत. बाबांची पाळी दोन ते चार, हातात माझा क्रिकेटचा स्टंप. एक दिवस दुधात विष घातलंय अशी बातमी आली, आईने दोन लिटर दूध मोरीत ओतलं आणि आम्ही चार दिवस कोरा चहा प्यायलो. कुणी आलं नाही, आमच्याकडे कुणीच आलं नाही. शांत झाल्यावर बाबांनी स्टंप परत दिला तर त्याच्या टोकाला तीन खिळे ठोकलेले होते. मी विचारलं हे कुणी केलं, तर म्हणाले झोप आता.

मुंबईच्या त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नंतर आकडे दिले, डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेली, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ची ओळखच पटली नाही, पाच इतर. आणि बाळासाहेबांनी जानेवारीत एखाद्या अनुभवी सेनापतीसारखं आपल्या शिवसैनिकांना हाकलं अशा अर्थाचं त्या अहवालात लिहिलेलं आहे. हे मी नाही म्हणत, हायकोर्टाचे पदावर असलेले न्यायमूर्ती म्हणतायत. त्या आयोगाचं पण काय काय झालं, जानेवारी १९९३ ला नेमला, जानेवारी १९९६ ला युती सरकारने गुंडाळला, मेमध्ये परत उभा केला, अहवाल आला फेब्रुवारी १९९८ ला.

पण मला सांगायचंय ते खटल्याचं. दंगल चालू असतानाच्या त्या अग्रलेखांवरून खटला भरायला मंजुरी द्या, सरकारला तसा आदेश द्या, म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर हायकोर्टात गेले. विचार करा, ज्या माणसाने आयुष्यभर त्याच मंत्रालयातून फायली हलवल्या त्याच्यावर एका फाईलवर सही व्हावी म्हणून कोर्टात जायची वेळ आली. हायकोर्टाने १९९४ मध्ये याचिका फेटाळली, म्हणाले ते लिखाण सगळ्या समाजाविरुद्ध नाही, देशद्रोही प्रवृत्तींविरुद्ध आहे. सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही.

आता लोक म्हणतात युतीचं सरकार आलं म्हणून बाळासाहेब वाचले. थांबा. दंगल जानेवारी १९९३ ची, तीन वर्षांची मुदत संपली जानेवारी १९९६ ला, आणि युतीचं सरकार आलं मार्च १९९५ ला. म्हणजे त्या तीनमधली दोन वर्षं आणि वर काही आठवडे सरकार काँग्रेसचंच होतं की. किल्ली त्यांच्याच खिशात होती. काढली नाही. ह्या एका गोष्टीवरून मी मित्रांशी भांडलोय, दोन्हीकडच्या.

मग काढली कधी? २००० साली. विलासराव मुख्यमंत्री, गृहखातं छगन भुजबळांकडे, जे स्वतः जुने शिवसैनिक. २५ जुलै २००० ला बाळासाहेबांना अटक झाली. मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला, दादरवरून चालत घरी आलो, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नाक्यानाक्यावर पोलीस. घरी टीव्हीला चिकटलेले सगळे. आणि संध्याकाळच्या आत विषय संपला पण, भोईवाड्याच्या कोर्टात नेलं, कोर्टाने बघितलं, गुन्हा १९९३ चा, साल २००० चं, मुदत तीन वर्षांची, मुदतबाह्य, प्रकरण बंद. साहेब त्याच दिवशी घरी. चाळीत फटाके.

बाबा फटाक्यांना खाली गेले नाहीत. मला म्हणाले, मुदतबाह्य म्हणजे काय रे? मी नवा नवा कायदेपंडित, लिमिटेशनचं लेक्चर दिलं, पुरावे जुने होतात, साक्षीदार विसरतात, माणसाच्या डोक्यावर जन्मभर टांगती तलवार नको वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे एक्सपायरी डेट. मी म्हटलं हो, तसंच. तर म्हणाले, अरे पण आमच्याकडे औषध एक्सपायर झालं तर ते कपाटात पडून का राहिलं म्हणून कंपाउंडरला मेमो मिळतो.

त्यांनी साहेबांवर टीका म्हणून नव्हतं ते म्हटलं, साहेबांवर त्यांचं प्रेम शेवटपर्यंत होतं. त्यांना फक्त स्टॉक रजिस्टर कळत होतं. मला कायदा शिकताना इतका नेमका प्रश्न कुठल्या सरांनी विचारला नाही.

सगळेच सुटले असं नाही म्हणता येणार. माजी खासदार मधुकर सरपोतदारांना २७ डिसेंबर १९९२ च्या प्रकरणात १५३ अ खाली एक वर्षाची शिक्षा झाली, पण झाली कधी तर २००८ ला. जवळजवळ सोळा वर्षं. अपिलासाठी जामीन मिळाला आणि २०१० ला ते गेले.

गंमत अशी की त्याच काळात, त्याच पक्षाच्या बाबतीत, त्याच प्रकारच्या भाषणांवरून एक प्रकरण व्यवस्थित शेवटाला गेलं, आणि ते फौजदारी नव्हतंच. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, पडलेले उमेदवार प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले की धर्माच्या नावावर मतं मागितली. हायकोर्टाने १९८९ ला निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं, आणि भाषणं करणारे म्हणून बाळासाहेबांचाही सहा वर्षांसाठी मतदानाचा हक्क गेला, डिसेंबर २००१ पर्यंत. हा तोच निकाल ज्याच्यातलं हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्यात निवडणूक रद्दच राहिली आणि भाषण करणाऱ्याला फटका बसला हे सांगितलं की लोक म्हणतात, काय सांगता!

का झालं हे? माझं म्हणणं असंय की तिथे किल्लीच नव्हती. निवडणूक याचिकेला सरकारची मंजुरी लागत नाही. पडलेला उमेदवार किंवा साधा मतदार ४५ दिवसांत थेट हायकोर्टात जाऊ शकतो, आणि पडलेल्या उमेदवाराएवढी तळमळ जगात कुणाला नसते. गृहखात्याच्या टेबलावर थांबायचा प्रश्नच नाही.

बाकी मंजुरी मिळून केस चालली तरी काय होतं ते पण बघितलंय आपण. वरुण गांधींची पिलीभीतची भाषणं २००९ ची, टीव्हीवर सगळ्या देशाने बघितली, २०१३ ला निर्दोष, साक्षीदार एकामागून एक फितूर. अकबरुद्दीन ओवैसींचं निर्मलचं भाषण डिसेंबर २०१२ चं, पंधरा मिनिटंवालं, ते पण सगळ्या देशाने ऐकलं, चाळीसेक दिवस आत काढले, एप्रिल २०२२ ला निर्दोष, पुरावा पुरेसा नाही. दोन टोकांची दोन माणसं आणि शेवट एकच. फौजदारी कोर्टात सगळ्या देशाने बघितलं याला किंमत शून्य, तिथे मूळ रेकॉर्डिंग कोणी केलं, चिप कुठे आहे, सर्टिफिकेट कोणाच्या सहीचं आहे, आवाजाचा नमुना घेतला का, हे लागतं. आणि ज्या हवालदाराने शूटिंग केलं त्याची तोवर दोनदा बदली झालेली असते, नाहीतर तो रिटायर होऊन गावाला द्राक्षं लावून बसलेला असतो.

तो ज्युनिअर इथे मला म्हणाला, मग सर ती मंजुरीच काढून टाकायची ना. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. आता एवढं सरळ वाटत नाही, कारण वकिली करून करून मी फिर्यादी लोक पण बघितलेत. मंजुरी काढली की कुठल्याही लेखकाच्या, नटाच्या, कीर्तनकाराच्या एका वाक्यावरून चाळीस तालुक्यांत चाळीस खाजगी फिर्यादी पडतील आणि तो माणूस आयुष्यभर एसटीने तारखा करत फिरेल. भावना दुखावलेला माणूस आपल्याकडे बारमाही पीक आहे.

यावर उत्तर खरंतर नागपुरातच देऊन ठेवलंय. स्वातंत्र्याच्या आसपास नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते, त्यांनी लिहून ठेवलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तर समंजस, कणखर, धीट माणसाच्या मापाने मोजा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो त्याच्या मापाने नको. हे माप अजून चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ५ ऑगस्ट हा काश्मीरसाठी काळा दिवस आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा असं टाकलं, हातकणंगले ठाण्यात १५३ अ लागलं, हायकोर्टाने रद्द करायला नकार दिला, आणि ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने याच मापाचा आधार घेऊन गुन्हा रद्द केला. मार्च २०२५ ला गुजरातच्या एका कवितेच्या प्रकरणात परत तेच, वर असंही सांगितलं की तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा असा गुन्हा असेल तर बोलण्या-लिहिण्यावरून एफआयआर ठोकण्याआधी प्राथमिक चौकशी करा. त्याआधीचं १९९५ चं चंदीगडचं प्रकरण तर मला फारच आवडतं. इंदिराजींची हत्या झाली त्याच दिवशी दोन सरकारी नोकरांनी नीलम सिनेमासमोर खलिस्तानच्या घोषणा दिल्या, कुणी ढुंकूनही बघितलं नाही, काही घडलं नाही, सुप्रीम कोर्टाने सोडलं. म्हणजे कोर्ट विचारतं, माणूस कोण, जागा कुठली, ऐकणारे कोण, वेळ कुठली. मोकळ्या रस्त्यावर दोघं ओरडले तर एक आणि दंगल चालू असताना रोज सकाळी घराघरात पेपर पोचतो ते वेगळं.

रवांडाचं उदाहरण लोक फार देतात, ते रेडिओ स्टेशन, आरटीएलएम, १९९४ च्या वंशसंहारात रेडिओवरून शेजाऱ्यांची नावं सांगून मारायला लावायचे. त्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ ला रेडिओवाले आणि पेपरवाला मिळून तिघांना दोषी धरलं, शस्त्र हातात न घेता. तिथे मुदतीची भानगड नाही. पण घड्याळ तिथेही चुकलं नाही, त्या रेडिओच्या मागचा पैसेवाला म्हणून ज्याच्यावर आरोप होता तो फेलिसिएन काबुगा सव्वीस वर्षं लपून २०२० ला पॅरिसजवळ सापडला आणि २०२३ ला कोर्टाला म्हणावं लागलं की याला स्मृतिभ्रंश झालाय, खटला चालू शकत नाही. कायद्याने मुदत घातली नाही तर वय घालतं.

मला विचाराल तर मंजुरी असू दे, पण तिला तारीख असू दे. लाचेच्या केसमध्ये २०१८ पासून कायद्यात लिहिलंय की मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत कळवायचा प्रयत्न करा, फार तर एक महिना वाढवा. प्रयत्न करा असंच आहे, पण निदान लिहिलंय. मग दंगल पेटवणाऱ्याला तेवढीही घाई नको? आणि नाही म्हणायचं तर नाही म्हणा, कारण लिहून, सही करून, म्हणजे माझ्यासारखा कुणीतरी ते कारण घेऊन हायकोर्टात जाऊ शकतो. आत्ता सरकार नाही म्हणतच नाही. सरकार काहीच म्हणत नाही. फाईल असते. आणि न म्हटलेल्या गोष्टीविरुद्ध अपील कुठे करणार. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला एवढं बरं केलं की मुदत मोजताना खटला दाखल केल्याची तारीख बघायची, कोर्टाने दखल कधी घेतली ती नाही, आणि मंजुरी मागितल्यापासून मिळेपर्यंतचा काळ तर कायद्यानेच वगळलेला आहे. पण मागितलीच नाही तर काय वगळणार?

आणि इथेच माझी पंचाईत झालीये, जी मी त्या ज्युनिअरला सांगितली नाही.

त्या गॅरेजवाल्या पोराची चार्जशीट अजून पडलेली नाही. अडीच वर्षं होऊन गेली. ठाण्यात विचारलं की म्हणतात मंजुरी आली की टाकतो. मी आडून आडून चौकशी केली तर कळलं, प्रस्ताव एकदा गेला होता, त्रुटी काढून परत आला, पंचनाम्याची प्रत वाचता येत नाही म्हणून (तोच टोनर!), आणि परत पाठवलाय की नाही हे तिथल्या कुणालाच खात्रीने सांगता येईना. जावक रजिस्टर बघा म्हटलं तर म्हणाले तुम्हाला कशाला एवढी घाई.

मला घाई नाहीचे. येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतायत. प्रस्ताव परत गेला नसेल तर वगळायला काही राहत नाही, आणि मी भोईवाड्याचा तो अर्ज शब्द बदलून माझ्या पक्षकारासाठी टाकू शकतो. हायकोर्टात क्वॉशिंगला, म्हणजे गुन्हाच रद्द करून घ्यायला, जायचा पण रस्ता आहे, आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आलंय त्यामुळे मुंबईची खेप वाचेल, हातकणंगलेचा निकालही हातात आहे, पण स्टेटस इतकं घाण होतं की न्यायमूर्तींनी ते मोठ्याने वाचलं तर मी कुठे बघू हे मला कळत नाही. शिवाय आईकडे पैसे नाहीत. म्हणजे ज्या पळवाटेवर मी पंचवीस वर्षं चरफडलो तिच्याच तोंडाशी आता कॅलेंडर घेऊन बसलोय. त्या मैदानावरच्या वक्त्याची तीन वर्षं पण त्याच जूनमध्ये भरतायत, आठवड्याचा फरक.

काल त्या पोराची आई ऑफिसला आली होती. केसचं काही विचारलं नाही तिने. म्हणाली वकीलसाहेब, तेवढा फोन सुटेल का, त्याच्या बापाचा शेवटचा फोटो त्यातच आहे, दुसरीकडे कुठे काढलेला नाही. फोन मुद्देमालात आहे, खाकी पाकिटात, लाखेचं सील मारून. मी म्हटलं अर्ज टाकतो. कारकुनाला अर्ज टाईप करायला बसवलं आणि मग लक्षात आलं, फोन मागायला अर्ज टाकला की कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवणार, म्हणणं द्यायला पोलीस फाईल उघडणार, आणि फाईल उघडली की कुणाच्या तरी लक्षात येणार की प्रस्ताव परत पाठवायचा राहिलाय.

अर्ज टाईप होऊन टेबलावर आहे. तारीख टाकलेली नाही.